साळगावचं पांढरं चर्च

वणीचा माणूस गोव्यात गेला की आधी समुद्र शोधतो. मीही कळंगुटलाच निघालो होतो. साळगावात भातशेतीपलीकडे पांढरेशुभ्र सुळके दिसले आणि गाडी थांबवली. सप्तशृंगगडाच्या पायथ्याशी वाढलेल्याला सुळके लगेच दिसतात!

हे 'माय द देव्श', म्हणजे देवमातेचं चर्च. १८७३ साली बांधून पूर्ण झालं. आतली देवमातेची मूर्ती मात्र त्याहून जुनी. जुन्या गोव्यातल्या ओस पडलेल्या मठातून ती इथे आणली.

गोव्यातली बहुतेक जुनी चर्च बरोक वळणाची, अर्धगोल कमानींची. हे निओगॉथिक. खूण सोपी आहे: कमान वर टोकदार, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी.

अर्धगोल कमान भार बाजूंना जास्त ढकलते. टोकदार कमान तो बराचसा सरळ खाली उतरवते, त्यामुळे रुंदी न वाढवता उंची गाठता येते. उरलेला रेटा गॉथिक बांधणीत भिंतीबाहेरचे आधारखांब झेलतात. त्यांच्या डोक्यावरचे दगडी सुळकेही नुसती नक्षी नसतात. त्यांच्या वजनाने आधारखांब जागेवर दाबून राहतो. मला हे कळलं तेव्हा मी अर्धा तास मान वर करूनच उभा होतो. घरचे गाडीत वैतागलेले.

तुमच्या गावातल्या जुन्या कमानीचा फोटो कमेंटमध्ये टाका. कुठल्या वळणाची आहे, बघू ओळखता येते का.