कातळ उजाड नसतो

कार्ल्याच्या पश्चिमेला, लोणावळ्याजवळ वळवणचा तलाव आहे. तो टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी बांधला गेला. याच योजनेतलं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. तलाव माणसानं बांधलेला, मग त्याच्या काठी निसर्गाचं काय पाहायचं, अशी शंका येईल. पण भिंत माणसाची असली तरी पाणी साठवणारं खोरं खडकाचं आहे आणि भोवती काय उगवेल हेही बऱ्याच अंशी खडकच ठरवतो. म्हणूनच इथल्या डोंगरमाथ्यांवरच्या सड्यांना, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांना, उजाड म्हणणं चूक आहे.

हा खडक बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत थिजले. काही थर घट्ट, काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले; त्या पोकळ्यांत पांढऱ्या झिओलाइटचे स्फटिक चमकताना दिसतात. दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल, मातकट पट्टा असतो. पावसाचं पाणी भेगांतून झिरपतं, घट्ट किंवा लाल थरावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येतं. कार्ल्याचं भव्य चैत्यगृह कोरता आलं ते जाड, एकसंध थर होता म्हणून. तिथल्या पोढ्यांत, म्हणजे कातळात खोदलेल्या टाक्यांत, पाणी टिकतं तेही याच खडकामुळे.

वनस्पतींची विभागणीही याच हिशेबानं होते. उतारावर माती साचते तिथे कारवी माजते. तिच्याच काठ्या लिंपून मावळात घरांचे कुड उभे राहिले. सड्यावर मात्र बोटभर मातीही दुर्मीळ. पावसात ती चिंब होते, तिच्यातला नत्र वाहून जातो. अशा जागी सीतेची आसवं मुळांऐवजी सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले जीव पकडून भूक भागवते, तर दवबिंदूच्या पानांवरच्या चिकट केसांना चिलट चिकटलं की ते केस हळूहळू त्याच्यावर वळतात. जोडीला गेंद, कवला, सोनकी. पाऊस सरला की बहुतेक झाडं बी टाकून किंवा कंद राखून दिसेनाशी होतात.

उन्हाळ्यात पाहणारा म्हणेल, हा तर पोटखराबा. माती टाका, झाडं लावा, पाणी मुरेल. हेतू चांगला आहे आणि धूप झालेल्या उतारांवर, ओढ्याकाठी स्थानिक झाडं जरूर लावावीत. सड्यावर मात्र बाहेरची माती आली की उंच गवत आणि झुडपं माजतात. नत्राच्या टंचाईतच तग धरणाऱ्या या चिमुकल्या वनस्पतींना ऊन आणि जागा उरत नाही. पाणी मुरतं तेही खडकाच्या भेगांतून. त्या बुजवून सपाटीकरण केलं तर खालच्या झऱ्यालाच तोशीस पडते. बंगल्यासाठी, वाहनतळासाठी किंवा वृक्षारोपणासाठी जागा ठरवताना एकदा तरी भर पावसाळ्यात ती पाहावी आणि जे आधीच तिथे जगतं आहे, त्याची नोंद करूनच निर्णय घ्यावा.