प्यूजो २०५ जीटीआय: मागच्या अ‍ॅक्सलचं मोल

फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १९८३ साली २०५ ही छोटी हॅचबॅक बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिची जीटीआय आवृत्ती दाखल झाली. सुरुवातीला १५८० सीसीचं, १०५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. पुढे त्याच इंजिनाची ताकद ११५ वर गेली आणि १९८६ मध्ये १९०५ सीसीची, १३० अश्वशक्तीची आवृत्ती आली. जेमतेम ८५० ते ९०० किलोच्या गाडीला एवढी ताकद मिळाल्यावर तिची कीर्ती पसरणं स्वाभाविकच होतं. आज या गाड्या चाळिशीच्या आसपास आहेत. त्या जपणारे लोक पैसा आणि वेळ देतात, पण बहुतेकदा तो इंजिनावर, रंगावर आणि सीटच्या कापडावर जातो. या गाडीचा जीव मात्र खाली, मागच्या दोन चाकांच्या मधल्या एका पोलादी नळीत आहे. तो मागचा अ‍ॅक्सल झिजलेला असेल तर बाकी सगळी डागडुजी व्यर्थ आहे, आणि तो दुरुस्त करायचा तर अर्धवट करून चालत नाही.

आधी रचना समजून घेऊ. गाडीच्या रुंदीभर एक जाड आडवी नळी असते. तिच्या दोन्ही टोकांना मागे जाणारा एकेक दणकट हात जोडलेला असतो आणि त्या हाताच्या शेवटी चाक. प्रत्येक हातात एक पोलादी शाफ्ट दाबून बसवलेला असतो. तो नळीच्या आत निडल बेअरिंगवर, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरांवर फिरतो. या मांडणीत स्प्रिंग म्हणून गुंडाळीची तारही नाही आणि पाटेही नाहीत. त्यांचं काम नळीला समांतर बसवलेल्या दोन पोलादी दांड्या करतात, ज्यांना टॉर्शन बार म्हणतात. दांडीचं एक टोक एका बाजूच्या हातात आणि दुसरं टोक पलीकडच्या बाजूला घट्ट धरलेलं असतं. चाक वर गेलं की दांडीला पीळ बसतो आणि तो पीळच चाकाला परत खाली ढकलतो. गाडीचा कल आवरणारी अँटी-रोल बार नळीच्या पोटातून जाते. शॉकअ‍ॅब्सॉर्बर जवळजवळ आडवे झोपलेले असतात. हा अख्खा सांगाडा चार रबरी माउंटिंगवर गाडीच्या तळाला अडकवलेला असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, हे डिक्की उघडली की कळतं. चाकांवर उभे शॉकअ‍ॅब्सॉर्बर नसल्यामुळे त्यांचे उंचवटे आत घुसत नाहीत. तळ खाली राहतो आणि लहान गाडीतही सामानाला ऐसपैस जागा मिळते. निडल बेअरिंगमध्ये घर्षण अगदी कमी असल्यामुळे चाक लहानसहान खड्ड्यांनाही लगेच दाद देतं. जीटीआयच्या चालकांना हवी असलेली गोष्ट मात्र वळणावर मिळते. भर वळणात अ‍ॅक्सलरेटरवरून पाय काढला की वजन पुढे झुकतं, मागच्या चाकांची पकड सैल होते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू लागतो. सरावलेला चालक याच हालचालीने वळण अधिक नेमकं घेतो, तर नवशिका घाबरतो. या गाडीची ख्याती आणि बदनामी दोन्ही इथूनच आली. मागचं चाक किती अंशात, केव्हा आणि कसं वळणाला उत्तर देईल हे अ‍ॅक्सलच्या शाफ्ट आणि बेअरिंगच्या घट्ट बसण्यावर ठरतं. तिथे सैलपणा आला की चाकाचा कोन दर खड्ड्याला आणि दर वळणाला बदलतो. ज्या सरकण्याचा अंदाज बांधता येत होता, ते बेभरवशाचं होतं.

हा सैलपणा येतो कसा, यात मोठी शिकवण आहे. एरवी बेअरिंग गोल गोल फिरतं, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरत राहतं आणि भार पृष्ठभागावर वाटला जातो. इथे हात वर-खाली काही अंशच हलतो. सुया कधीच पूर्ण फेरा घेत नाहीत. त्याच जागी तोच भार वर्षानुवर्षं पडतो आणि तिथलं ग्रीस बाजूला सारलं जातं. त्यात चाक नळीच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे रस्ता चाकाला वर रेटतो तेव्हा शाफ्टवर वाकवणारा ताण येतो. बाहेरच्या बेअरिंगला तो वरच्या अंगाला दाबतो, तर आतल्याला खालच्या अंगाला. नळीच्या टोकाशी असलेलं सील कडक होऊन चिरलं की पाणी आत जातं. ग्रीस धुऊन निघतं, सुया गंजतात, शाफ्टचा कठीण केलेला वरचा थर खरवडला जातो. मूळ रचनेत ग्रीस भरायला निपलच नसल्यामुळे गॅरेजमधल्या नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये इथे कुणाचा हात पोहोचतच नाही.

लक्षणं ओळखणं मात्र अवघड नाही. गाडीच्या मागे उभं राहून पाहिलं तर मागची चाकं वरच्या बाजूला आत कललेली दिसतात. टायरची आतली कड बाहेरच्या कडेच्या कितीतरी आधी गुळगुळीत होते. खड्ड्यातून जाताना मागून करकर ऐकू येते. गाडी जॅकवर उचलून चाक वर आणि खाली धरून हलवलं तर प्ले, म्हणजे सैल हालचाल, जाणवतो. तो चाकाच्या बेअरिंगमधला आहे की हाताच्या मुळाशी, हे एकाने चाक हलवून आणि दुसऱ्याने हाताचं मूळ पाहून ठरवावं. इथे एक पळवाट बंद आहे. या अ‍ॅक्सलवर चाकाचा कल किंवा दिशा जुळवण्यासाठी कोणताही स्क्रू नाही. अलाइनमेंटच्या यंत्रावर मागचे आकडे चुकीचे आले, तर काहीतरी झिजलं किंवा वाकलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. नवे टायर चढवून हा दोष फक्त काही महिन्यांसाठी झाकला जातो.

यावर पहिला आक्षेप असा, की मग बेअरिंग आणि सील बदलून भागेल, अख्खा अ‍ॅक्सल कशाला? झीज अगदी सुरुवातीला पकडली तर हे खरं आहे. पण बेअरिंग बिघडल्यावर शाफ्ट शाबूत राहणं दुर्मीळ असतं, कारण शाफ्टचाच पृष्ठभाग सुयांचा रस्ता असतो. खड्डे पडलेल्या शाफ्टवर नवं बेअरिंग बसवलं तर ते लवकरच तुटतं. आणखी दुर्लक्ष झालं की बेअरिंग फुटून शाफ्ट थेट नळीलाच घासतो. नळीतली बैठक लंबगोल झाली की तिच्यात कोणतंच नवं बेअरिंग घट्ट बसणार नाही. म्हणून शाफ्ट, बेअरिंग, सील आणि रबरी माउंटिंग एकदमच नवी करावीत, आणि नळी खराब असेल तर तीही बदलावी. युरोपात पुनर्बांधणी केलेला अ‍ॅक्सल घेऊन जुना परत देण्याची पद्धत यासाठीच रुजली. काही कारागीर पुनर्बांधणी करताना ग्रीस निपलही बसवून देतात, म्हणजे मूळ रचनेतली उणीव भरून निघते.

हे काम कष्टाचं आहे, आणि त्यात घाई चालत नाही. गाडी बॉडीच्या खाली भक्कम स्टँडवर उभी करायची, डिक्कीखाली टांगलेली स्टेपनी आणि तिची जाळी खाली घ्यायची, एक्झॉस्ट मोकळा करायचा. ब्रेकचे होज आणि हँडब्रेकच्या केबल सोडवायच्या. मग चार माउंटिंगचे बोल्ट. इतक्या वर्षांच्या चिखलपाण्यात ते गंजलेले असतात, म्हणून भेदक तेल आदल्या दिवसापासून मारावं. टॉर्शन बार काढण्यापूर्वी त्यांची जागा खुणेने नोंदवणं अनिवार्य आहे. त्यांच्या दोन टोकांवर दातांची संख्या वेगवेगळी असते, आणि दोन्हीकडे थोडे थोडे दात सरकवूनच गाडीची मागची उंची जुळवता येते. डावी आणि उजवी दांडी एकमेकींच्या जागी घालायची नाही, कारण प्रत्येकीला एका दिशेच्या पिळाची सवय लावलेली असते. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या जागी ठरावीक लांबीची आडकाठी लावून हात नेमक्या उंचीवर धरायचा आणि मगच दांडी आत सरकवायची. शेवटी ब्रेकमधली हवा काढायची. यात एकही टप्पा गाळण्यासारखा नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा: भंगारातल्या गाडीचा अ‍ॅक्सल स्वस्तात मिळत असताना एवढा खर्च का? कारण भंगारातली गाडीही तेवढ्याच वर्षांची असते, तिचं सीलही तितकंच चिरलेलं असतं, आणि बाहेरून रंगवलेल्या नळीच्या आत काय आहे ते दिसत नाही. काढण्या-बसवण्याची मेहनत दोन्हीकडे सारखीच आहे. तीच मेहनत दोनदा करावी लागली तर स्वस्त अ‍ॅक्सल महागात पडतो. ड्रम ब्रेकच्या आणि डिस्क ब्रेकच्या आवृत्त्यांचे हात वेगळे असल्यामुळे दिसायला सारखा सुटा भाग बसेलच असंही नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या रचनेत झीज अटळ आहे ती मुळातच सदोष नाही का? हा आक्षेप पूर्ण फेटाळता येत नाही. प्यूजोने ही मांडणी ३०९, १०६, ३०६ आणि २०६ मध्येही ठेवली आणि त्या गाड्यांचे मालकही याच झिजेशी झगडले. २००६ मध्ये आलेल्या २०७ मध्ये मात्र कंपनीने लवचीक बीमचा सोपा अ‍ॅक्सल वापरला. तरीही मला दोष रचनेपेक्षा देखभालीची सोय न ठेवण्यात दिसतो. ताजं ग्रीस आणि शाबूत सील असेल तर हा अ‍ॅक्सल वर्षानुवर्षं उत्तम चालतो. महाराष्ट्रालाही या मांडणीची ओळख आहे. नव्वदच्या दशकात प्रीमियर आणि प्यूजो यांच्या भागीदारीतल्या पीएएल-प्यूजोने कल्याणच्या कारखान्यात ३०९ बनवली होती. तिच्यात जीटीआयचा जोर नव्हता, पण मागच्या बाजूला हीच नळी, हेच हात आणि हेच टॉर्शन बार होते. आपल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाणाऱ्या गाडीला सीलचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

म्हणून जुनी २०५ जीटीआय पारखायची असेल तर बॉनेट उघडण्याआधी तिच्या मागे जाऊन उभं राहावं. चाकं आत कललेली दिसली तर किंमत ठरवताना अ‍ॅक्सलचा पूर्ण खर्च धरावा, आणि गाडी घेतल्यावर सर्वांत आधी तेच काम करावं. इंजिनाची ताकद वाढवण्याचे बेत त्यानंतर करावेत. आणि ज्यांच्याकडे ही गाडी आधीपासून आहे, त्यांनी या वर्षीच एकदा मागची चाकं उचलून हलवून पाहावीत. प्ले थोडा असताना पकडला, तर शाफ्ट आणि बेअरिंगवर भागतं. उशीर केला तर नळीही जाते.