विमा कंपनी आपला दावा लढविते काय?

व्यावसायिक क्षतिपूर्ती विमा घेतलेल्या बहुसंख्य वैद्यबंधूंची अशी समजूत असते की, उद्या एखाद्या रुग्णाने ग्राहक आयोगात तक्रार गुदरली तर वकील नेमण्यापासून निकाल लागेपर्यंतचा सर्व भार कंपनी वाहील. फार्मसीधारकांची उत्पादन-दायित्वाच्या पॉलिसीविषयी हीच धारणा असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. भरपाईची रक्कम चुकती करणे ही एक जबाबदारी आणि आपल्या बाजूने न्यायासनापुढे उभे राहणे ही दुसरी. भारतातील प्रचलित पॉलिसींत पहिली निश्चितपणे असते. दुसरी बहुधा नसते.

बचावाला एवढे महत्त्व का, हे पुण्यातील एका जुन्या खटल्यावरून ध्यानात येईल. १९५३ च्या मे महिन्यात पालशेतच्या समुद्रकिनारी मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणास उपचारार्थ पुण्यास आणले गेले व तेथे त्याचा मृत्यू झाला. वडिलांनी शल्यचिकित्सकावर दावा लावला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने तो आजही उद्धृत होतो. मंजूर झालेली भरपाई होती ३,००० रुपये आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९६८ साली. पंधरा वर्षांचे वकील, प्रवास, कागदपत्रे आणि चिकित्सालयातून गमावलेले दिवस यांचा हिशेब त्या ३,००० रुपयांत कोठेच येत नाही. दावा जिंकला तरी हा खर्च होतोच, हे विशेष.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. क्षतिपूर्तीच्या कराराचे मूळ १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२४ व १२५ मध्ये आहे. ज्याला हमी मिळाली आहे त्याला दाव्यात द्यावी लागलेली भरपाई, दाव्याचा खर्च आणि तडजोडीची रक्कम हमी देणाऱ्याकडून वसूल करता येते. मात्र त्याने हमीदाराच्या सूचनांचे उल्लंघन केलेले नसावे व शहाण्या माणसाप्रमाणे वागलेले असावे. म्हणजे कायद्याची मूळ कल्पना ‘आधी तुम्ही लढा, मग खर्च मागा’ अशी आहे. मुंबई उच्च न्यायालयात १९४२ साली न्यायमूर्ती छगला यांनी गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या खटल्यात तिला थोडी मुरड घातली. जबाबदारी निश्चित झाली असेल तर पदरचे पैसे भरून होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, हमीदारास आधीच पुढे आणता येते, असा तो निर्णय. विमेदारास त्याचा आधार मोठा आहे. पण तेथेही प्रश्न पैसे चुकते करण्याचा होता, दावा लढविण्याचा नव्हे.

पॉलिसीतील मजकूर याहून स्पष्ट असतो, फक्त तो वाचला जात नाही. वैद्यकीय व्यावसायिकांच्या नेहमीच्या पॉलिसीत अशा आशयाची अट आढळते की, विमेदाराच्या नावाने बचाव हाती घेण्याचा कंपनीस अधिकार राहील, परंतु तसे करण्याचे बंधन कोणत्याही परिस्थितीत राहणार नाही. अधिकार त्यांचा, बंधन मात्र नाही! शिवाय कंपनीच्या लेखी संमतीवाचून चूक कबूल करणे, तडजोडीचा प्रस्ताव देणे किंवा रुग्णास पैसे देणे यांस मज्जाव असतो. रुग्णाच्या नातलगांची समजूत काढताना फी परत करण्याची जी रीत आपल्याकडे आहे, ती या अटीत अडकू शकते. बचावाचा खर्च मिळतो, पण तो बहुधा विम्याच्या एकूण मर्यादेतूनच वजा होतो. दहा लाखांची मर्यादा असून वकील व तज्ज्ञ साक्षीदारांवर दीड लाख खर्ची पडले, तर भरपाईसाठी साडेआठ लाखच उरतात.

अमेरिकेत याच्या उलट व्यवस्था आहे. तेथील सर्वसाधारण व्यापारी दायित्वाच्या पॉलिसीत बचाव करणे हा कंपनीचा अधिकार तसाच कर्तव्यही मानलेला असतो आणि हे कर्तव्य भरपाईच्या कर्तव्याहून विस्तृत समजले जाते. फिर्यादीतील एखादा आरोपदेखील पॉलिसीच्या कक्षेत येण्याजोगा असेल, तर आरोप निराधार असला तरी कंपनीस उभे राहावे लागते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा ग्रे विरुद्ध झुरिक हा निकाल या विषयात पायाभूत मानतात. इंटरनेटवर विम्याची माहिती वाचणारे आपले तरुण सहकारी ती तत्त्वे येथेही लागू आहेत असे समजून चालतात, म्हणून हा उल्लेख.

आपल्याकडे खरी कसोटी लागते ती मुदतीची. तक्रारीची प्रत व नोटीस हाती पडल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोअरेज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ही मुदत अनुल्लंघनीय ठरविली. (ज्या पक्षाविरुद्ध हा निर्णय गेला ती विमा कंपनीच होती, ही मौजेची गोष्ट!) २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमातही कलम ३८ मध्ये तीच मुदत आहे. कंपनीचे विभागीय कार्यालय कागद वर पाठविणार, वरून वकिलाच्या नावास मंजुरी येणार, यात ४५ दिवस सहज निघून जातात. म्हणून नोटीस मिळाल्याच्या दिवशीच कंपनीस पोच घेऊन लेखी कळवावे, आपल्या वकिलाचे नाव व अपेक्षित खर्च त्यातच लिहून संमती मागावी, आणि उत्तर आले नाही तरी पुण्याच्या जिल्हा आयोगात आपले लेखी म्हणणे मुदतीत दाखल करावे. संमती मागितल्याचा पुरावा असेल तर पुढे खर्चासाठी भांडता येते. मुदत गेली तर भांडण्यासारखे काही उरत नाही.

कोणते दावे मुळातच बाहेर पडतात, हेही पाहणे अगत्याचे आहे. मुंबईतील पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या प्रकरणात होमिओपॅथीची पात्रता असलेल्या चिकित्सकाने ॲलोपॅथीची औषधे दिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ३ लाख रुपये भरपाई ठोठावली. वैद्यांच्या बाबतीत मुख्तियार चंद प्रकरणाच्या १९९८ च्या निकालाने आधुनिक औषधे देण्याचा अधिकार राज्याच्या कायद्यावर व अधिसूचनेवर अवलंबून ठेवला. परंतु शासनाची मुभा असणे आणि ती चिकित्सा पॉलिसीत समाविष्ट असणे या दोन भिन्न गोष्टी होत. अर्जात ‘आयुर्वेद’ एवढेच लिहून मिश्र चिकित्सा करणाऱ्याची बाजू दुबळी राहते. काही पॉलिसींत वजन कमी करण्यासाठी दिलेली औषधे वगळलेली असतात. स्थौल्यचिकित्सा करणाऱ्यांनी ते कलम अवश्य शोधावे. कायद्याचे उल्लंघन करून केलेले वा गुन्हेगारी स्वरूपाचे कृत्यही बाहेर राहते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दोन वर्षांच्या कमाल शिक्षेची सवलत राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाखालील नोंदणीकृत व्यावसायिकांपुरती आहे, हे येथेच सांगून ठेवतो.

वैद्य आणि फार्मसी एकाच तक्रारीत ओढले जातात तेव्हा गुंता वाढतो. समजा, चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या कामगारावर भगंदरासाठी क्षारसूत्र चिकित्सा झाली आणि पुढे जखम चिघळली. तो वैद्यास निष्काळजी व क्षारसूत्रास सदोष म्हणतो. वैद्याचा स्वाभाविक बचाव ‘सूत्र सदोष होते’ हा, आणि निर्मात्याचा ‘वापर चुकला’ हा. दोघांचा विमा एकाच कंपनीकडे असला तरी वकील एकच असून चालणार नाही. स्वतंत्र वकिलाची मागणी प्रारंभीच लेखी करावी. सुटी चूर्णे आणून आपल्या पुड्यांत बांधून देणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा आहे. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करण्याची मुभा वैद्यास औषध कायद्यात आहे. परंतु वेष्टन वा लेबल यांवर ज्याचे नियंत्रण आहे, किंवा ज्याच्या मालाचा निर्माता कोण हे कळत नाही, त्या विक्रेत्यास २०१९ च्या अधिनियमाचे कलम ८६ जबाबदार धरते. व्यावसायिक सेवेची पॉलिसी ‘हे उत्पादन आहे’ म्हणून, आणि उत्पादनाची पॉलिसी मुळात घेतलेलीच नाही म्हणून, असा वैद्य दोन्हीकडून उघडा पडतो.

राहता राहिली निर्यात. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या औषधांची जड धातूंसाठी तपासणी आपल्याकडे बंधनकारक झाली. तपासणीचा दाखला असला तरी दावा लागतच नाही असे नाही, आणि येथील साध्या पॉलिसीत ‘भारताच्या हद्दीत, भारतीय कायद्यानुसार’ अशी मर्यादा घातलेली असते. तेथे दावा लागला तर बचाव राहोच, भरपाईही मिळणार नाही. आमच्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग परदेशी पाठविणारे उद्योजक प्रादेशिक कक्षा व न्यायक्षेत्र या दोन ओळी आधी वाचतात आणि अमेरिका-कॅनडासाठी वेगळा हप्ता मोजतात. ज्या फार्मसीचा माल परदेशातील नातेवाइकांमार्फत वा छोट्या आयातदारांमार्फत तिकडे जातो, त्यांनी पुढील नूतनीकरणाच्या वेळी या दोन ओळी एजंटाकडून लेखी स्वरूपात मागून घ्याव्यात.