सौर विजेचा साठा : जुने लिथियम सेल घेण्यापूर्वी

सूर्याची ऊर्जा मुबलक आहे. परंतु ती हवी त्या वेळी मिळत नाही, ही सौर विजेची मूळ अडचण होय. दिवसा निर्माण झालेली वीज सायंकाळी वापरावयाची, तर तिचा साठा करावा लागतो. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली आणि घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्यास नवी चालना मिळाली. तथापि, वीज कंपनीच्या तारांशी जोडलेला आणि बॅटरी नसलेला संच तारांतील पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो. दुरुस्तीसाठी तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये, म्हणून ही व्यवस्था हेतुतः केलेली असते. त्यामुळे भर दुपारी, लख्ख उन्हातही, वीज गेली की पंखा थांबतो. आणि मग घरच्या घरी बॅटरीचा साठा उभारण्याचा विचार पुढे येतो.

नव्या लिथियम बॅटरीची किंमत ऐकल्यावर अनेकांचे लक्ष जुन्या सेलकडे वळते. विजेवर चालणारी वाहने, मोबाइलचे मनोरे, लॅपटॉप यांतून काढलेले सेल इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात आणि भंगाराच्या दुकानांतून सुटे विकले जातात. त्यांची खरेदी लाभदायक ठरू शकते, तशीच ती घातकही ठरू शकते. सेलच्या वेष्टनावर छापलेल्या आकड्याला पैसे न देता, त्यात प्रत्यक्ष शिल्लक असलेल्या आणि मोजून पाहिलेल्या क्षमतेला पैसे द्यावेत, हे या व्यवहाराचे मुख्य सूत्र आहे.

जुना म्हणजे निकामी नव्हे

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती १९९१ मध्ये. वजनाने हलकी आणि वारंवार भारित करता येणारी ही बॅटरी घडविणाऱ्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. प्रत्येक वापरागणिक आणि वर्षागणिक या बॅटरीची क्षमता थोडीथोडी घटत जाते. मूळ क्षमतेच्या ७० ते ८० टक्के एवढीच क्षमता उरली, की वाहनाच्या दृष्टीने ती थकली असे सामान्यतः मानले जाते. वाहनाला थोड्या जागेत अधिक ऊर्जा आणि चढावर एकदम मोठा प्रवाह लागतो. घरातील चार दिव्यांना तशी घाई नसते. म्हणूनच वाहनातून निवृत्त झालेला सेल सौर साठ्यात आणखी काही वर्षे सेवा देऊ शकतो. अर्थात, तो केवळ वापराने थकलेला असला पाहिजे. अपघातात ठेचलेला, पाण्यात बुडालेला अथवा फुगलेला सेल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

दोन प्रकार, दोन स्वभाव

जुन्या बाजारात मुख्यतः दोन प्रकारचे सेल आढळतात. लॅपटॉप आणि अनेक दुचाकी वाहनांतील सेल निकेल-मँगनीज-कोबाल्ट गटातील असतात. त्यांचा सर्वसाधारण दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असून पूर्ण भारित स्थितीत तो ४.२ व्होल्ट होतो. दुसरा प्रकार लिथियम-लोह-फॉस्फेट हा होय. त्याचा सर्वसाधारण दाब ३.२ व्होल्ट आणि कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट असते. पहिला प्रकार कमी जागेत अधिक ऊर्जा साठवितो. परंतु अति तापल्यास लवकर पेट घेतो. दुसरा आकाराने मोठा, पण उष्णता अधिक सोसणारा आणि दीर्घायुषी आहे. घरगुती साठ्यासाठी दुसराच प्रकार श्रेयस्कर समजावा. हे दोन प्रकार एकाच बॅटरीत कधीही एकत्र करू नयेत. कारण एकासाठी सुरक्षित असलेला दाब दुसऱ्यासाठी धोक्याचा ठरतो.

दाबावरून क्षमता कळत नाही

विक्रेता बहुधा मीटर लावून दाब दाखवितो आणि सेल उत्तम असल्याचे सांगतो. येथेच ग्राहकाची फसगत होते. लोह-फॉस्फेट सेलचा दाब जवळपास भरलेल्या स्थितीपासून बराचसा रिकामा होईपर्यंत ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपासच राहतो. शंभर अँपिअर-तासांचा नवा सेल आणि निम्मी क्षमता गमावलेला जुना सेल मीटरवर सारखेच दिसू शकतात. घागर काठोकाठ भरलेली दिसली, तरी तिच्या तळाशी किती गाळ साचला आहे हे वरून दिसत नाही, तसाच हा प्रकार आहे.

वेष्टनावरील आकड्यांवरही विसंबून चालणार नाही. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या दंडगोल सेलची क्षमता नवेपणी साधारणतः २००० ते ३५०० मिलिअँपिअर-तास असते. त्याच आकाराच्या सेलवर ९९०० हा आकडा छापलेला दिसल्यास तो निःसंशय खोटा समजावा. चौकोनी सेलवरील संकेतचिन्ह खरवडलेले, अग्रे कापून पुन्हा जोडलेली किंवा वेष्टन नव्याने चढविलेले दिसल्यास अधिक चौकशी करावी. ज्याचा दाब २ व्होल्टच्या खाली उतरून तसाच राहिला आहे, असा सेल घेऊ नये. अशा सेलमध्ये आतील तांबे विरघळलेले असू शकते आणि पुन्हा भारित करताना आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा संभव असतो.

मोजणीची रीत

क्षमतेची चाचणी सोपी, पण वेळ घेणारी आहे. योग्य चार्जरने सेल पूर्ण भारित करावा, काही काळ स्थिर ठेवावा आणि नंतर ठरावीक प्रवाहाने २.५ व्होल्टपर्यंत रिता करावा. शंभर अँपिअर-तासांच्या सेलने २० अँपिअरचा प्रवाह साडेतीन तास दिला, तर त्याची शिल्लक क्षमता ७० अँपिअर-तास ठरते. चाचणीत इतरांपेक्षा अधिक तापणारा सेल बाजूला काढावा. निवडलेले सेल पुन्हा भारित करून दोन आठवडे तसेच ठेवावेत. ज्याचा दाब इतरांहून लक्षणीय उतरला, तो आतून गळका आहे असे समजावे. घाऊक खरेदी करण्यापूर्वी थोडे नमुने घेऊन ही चाचणी करावी आणि नापास सेल बदलून देण्याचे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

प्रत्यक्ष हिशेब

एका लहान कार्यालयाला ९ वॅटचे सहा दिवे पाच तास आणि ३० वॅटचे दोन पंखे सहा तास चालवावयाचे आहेत, असे समजू. दिव्यांना २७० आणि पंख्यांना ३६०, अशी एकूण ६३० वॅट-तास वीज लागेल. शंभर अँपिअर-तासांचे चार लोह-फॉस्फेट सेल एकापुढे एक जोडल्यास १२.८ व्होल्टची बॅटरी होते आणि नवेपणी ती १२८० वॅट-तास साठविते. सेल ७० टक्क्यांवर आले असतील, तर हा साठा ८९६ वर येतो. आयुष्य टिकावे म्हणून त्यातील ८० टक्केच वापरावयाचे ठरविल्यास सुमारे ७१७ उरतात, आणि इन्व्हर्टरमधील १० टक्के घट वजा जाता हाती ६४५ वॅट-तास लागतात. गरज जेमतेम भागते. पण ढगाळ दिवसासाठी काहीही शिल्लक राहत नाही.

किमतीची तुलनाही याच रीतीने करावी. जुना सेल नव्याच्या ६० टक्के किमतीत मिळाला आणि त्यात ७० टक्के क्षमता उरली असेल, तर प्रत्येक वॅट-तासामागे बचत केवळ १४ टक्के होते. उरलेले कमी आयुष्य आणि हमीचा अभाव लक्षात घेता एवढी बचत पुरेशी नाही. ४० टक्के दिसणारी सवलत प्रत्यक्षात अशी आटून जाते.

जोडणी आणि सुरक्षितता

एकापुढे एक जोडलेल्या सेलमध्ये सर्वांत दुबळा सेल साऱ्या बॅटरीची मर्यादा ठरवितो. म्हणून जवळपास सारख्या क्षमतेचेच सेल एकत्र करावेत. समांतर जोडताना सर्वांचा दाब आधी सारखा करून घ्यावा. प्रत्येक सेलच्या दाबावर आणि तापमानावर लक्ष ठेवणारी नियंत्रक यंत्रणा, म्हणजेच बीएमएस, बसविल्याविना बॅटरी वापरू नये. धन अग्राजवळ एकदिश प्रवाहासाठीच बनविलेला फ्यूज असावा. घरातील साधा फ्यूज तेथे चालत नाही. काम करताना अंगठ्या, कडी, बांगड्या काढून ठेवाव्यात. धातूचा पाना दोन्ही अग्रांवर पडला, तरी क्षणार्धात भाजण्याइतका प्रचंड प्रवाह वाहतो. बॅटरी हवेशीर, सावलीच्या जागी ठेवावी. पलंगाखाली, जिन्यात, गॅस सिलिंडरजवळ किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवू नये. धूर दिसताच सर्वांनी बाहेर पडावे आणि अग्निशमन दलास कळवावे. हा धूर विषारी असतो आणि विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते.

सार्वजनिक संस्थांची जबाबदारी

कुशल वीजतंत्रज्ञाने स्वतःच्या घरी केलेला प्रयोग आणि शाळेत अथवा ग्रामपंचायतीत बसविलेली यंत्रणा यांत मोठा फरक आहे. जेथे मुले बसतात आणि जेथे खर्च लोकांच्या पैशातून होतो, तेथे सुट्या जुन्या सेलची बॅटरी बसवू नये. अशा ठिकाणी हमीसह नवी बॅटरी, किंवा चाचणीचा लेखी तपशील आणि हमी देणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाने पुनर्सिद्ध केलेली बॅटरीच घ्यावी. देणगी म्हणून मिळालेली बॅटरीही तपासणीशिवाय जोडू नये.

निकामी सेलचाही विचार आधीच करून ठेवावा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरणाऱ्याने टाकाऊ बॅटरी अन्य कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे सोपविणे आवश्यक आहे. नेण्यापूर्वी अग्रांवर चिकटपट्टी लावावी. घंटागाडीत टाकलेला एक सेल कचरा दाबला जाताना साऱ्या गाडीला आग लावू शकतो. ग्रामपंचायतीने संकलनाची एक ठरावीक जागा नेमली आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी ही माहिती पोहोचविली, तर गावातील जुना सेल योग्य हाती पडेल. सौर वीज गावाच्या उपयोगी पडावयाची, तर तिच्या साठ्याची निवड आणि विल्हेवाट या दोन्ही गोष्टी मोजूनमापूनच झाल्या पाहिजेत.