अवधानाचे अर्थशास्त्र

दुर्मीळ साधन काटकसरीने वापरावे, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. जमीन, पाणी, पैसा यांबाबत आपण तो जाणतो. अवधानाबाबत मात्र विसरतो. माहिती जितकी मुबलक, तितके ती ग्रहण करणाऱ्याचे अवधान दुर्मीळ, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले. पुढे १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. आज हसनाबादसारख्या गावातील विद्यार्थ्याला मोबाइलवरील करमणूक फुकट वाटते. वस्तुतः तिची किंमत तो अवधानाने चुकवितो आणि तेच अवधान पुढे जाहिरातदारांना विकले जाते.

येथे स्टोइक तत्त्वज्ञान उपयोगी पडते. गुलामगिरीतून मुक्त झालेला एपिक्टेटस सांगे की, मनावर बाहेरून उमटणारा ठसा आपल्या अधीन नसतो. त्याला संमती द्यावी की नाही, हे मात्र आपल्या अधीन असते. मोबाइल वाजणे आपल्या हाती नाही. तो उचलणे आहे. एकदा सैल सोडलेले अवधान हवे तेव्हा परत मिळेल या भ्रमात राहू नका, असेही त्याने बजावले होते.

हा विचार आपल्याला परका नाही. याच जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. विवाहमंडपात 'सावधान' हा शब्द कानी पडताच ते निघून गेले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. सावधान म्हणजे अवधानासहित.

परंतु एकीकडे कोवळ्या मुलाचा निग्रह आणि दुसरीकडे बलाढ्य कंपन्यांचे तज्ज्ञ, हा सामना विषम आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्तच आहे. त्याचे एक उत्तर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली शोधले. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास, वाचन करावे, असे ठरले. एकट्याला अवघड जाणारा संयम सर्वांनी मिळून पाळला, तर सुकर होतो.

मात्र भोंगा दीड तास मोकळा करून देईल; पुस्तकात मन घालणे ज्याचे त्यालाच करावे लागेल. शिवाय वडीलधाऱ्यांनी स्वतः मोबाइलमध्ये डोके खुपसून मुलांना अभ्यासाचा उपदेश करण्यात काय अर्थ? या उपक्रमास ना अनुदान लागते, ना शासकीय आदेश. शिक्षक व पालक यांनी आपापल्या घरापासून आरंभ केला, तरी पुरे.