व्हितोरियाचें इंडियनांविषयींचें व्याख्यान

कर्त्यानें स्वतः न छापिलेला, केवळ शिष्यांच्या वह्यांवरून टिकलेला ग्रंथ केवढ्या योग्यतेचा असूं शकतो, याचें एक परदेशीय उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

स्पेनमधील सालामांका विद्यापीठांत इ. स. १५३९ सालीं फ्रांसिस्को द व्हितोरिया या डोमिनिकन अध्यापकानें अमेरिकेंतील मूळ रहिवाशांविषयीं लॅटिन भाषेंत व्याख्यान दिलें. प्रश्न असा कीं, ख्रिस्ती नसलेल्या लोकांस आपल्या भूमीचें स्वामित्व व राज्य असूं शकतें काय?

पूर्वपक्ष बलवत्तर होता. पोप सहावा अलेक्झांडर यानें १४९३ सालीं बुल नामक आज्ञापत्रानें ते प्रदेश कास्तीलच्या राजघराण्यास दिले होते. पोर्तुगालच्या राजासही पोप पांचवा निकोलस यानें १४५५ सालीं अशाच जातीचें आज्ञापत्र दिलेलें असल्यामुळें, गोमंतकाच्या इतिहासाच्या अभ्यासकांसही हा वाद परका नाहीं.

व्हितोरियाचा सिद्धान्त असा : राजसत्ता व स्वामित्व यांचा पाया धर्मश्रद्धा किंवा ईश्वरी प्रसाद नसून निसर्गधर्म, म्हणजे मनुष्यमात्राची विवेकबुद्धि, हा आहे, सबब पापानें किंवा अश्रद्धेनें तीं नष्ट होत नाहींत. पोप हा सर्व जगाचा ऐहिक स्वामी नव्हे. जें त्याचें नाहीं तें त्यास दुसऱ्यास देतां येत नाहीं. ईश्वरानेंच पापाचें शासन म्हणून हे लोक स्पॅनिशांच्या हातीं दिले, या मतास त्याचें उत्तर मार्मिक आहे. ईश्वरानें नाश योजिला असला तरी नाश करणारा निर्दोष ठरत नाहीं. जेरुसलेमवर चालून गेलेले बाबिलोनचे राजे निर्दोष नव्हते.

मात्र प्रवास, व्यापार व धर्मोपदेश यांस अडथळा करणारांशीं युद्ध न्याय्य ठरूं शकतें, असेंही त्यानें मांडिलें. पुढच्या दारानें घालविलेलें विजयाचें समर्थन या मागच्या दारानें आंत येऊं शकत होतें, हें विसरतां नये.

त्याच वर्षीं १० नोव्हेंबर रोजीं बादशहा पांचवा चार्ल्स यानें सालामांका येथील सान एस्तेबान मठाच्या प्रमुखास पत्र लिहून ही चर्चा थांबविण्याची व तत्संबंधीं लेख जमा करण्याची आज्ञा केली. व्हितोरिया १५४६ सालीं वारला. त्याचीं व्याख्यानें १५५७ सालीं फ्रान्समधील ल्यों येथें छापलीं गेलीं व १५६५ सालीं सालामांका येथें तीं दुरुस्त करून पुन्हां निघालीं. अर्थात् पाठभेदांचा विचार येथें अपरिहार्य आहे.

बादशहाची आज्ञा मठापर्यंत पोंचली, परंतु विद्यार्थ्यांच्या वह्या उरल्या. म्हणून दप्तरांत कोणा अनामिक शिष्याची वही आढळल्यास संग्राहकांनीं ती उपेक्षूं नये, एवढीच आमची विनंती आहे.