उचलण्याआधी थांबा : प्राणी वाचवण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भंडारा जिल्ह्यात सेवेसाठी येणाऱ्यांची ये-जा वर्षभर असते. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे भरतात, आरोग्य तपासणीची पथके येतात, वैनगंगेला पूर आला की मदतीचे ट्रक येतात. जिल्हा असा की एका अंगाला कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, पवनीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, आणि मधल्या गावांत मालगुजारी तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या. माणसांच्या मदतीला आलेल्याची इथे जनावराशी गाठ पडणारच. कधी बांधीत पिल्लू सापडते, कधी विहिरीत रोही पडलेला असतो, तर कधी घरात धामण निघते. अशा वेळी हात आपोआप पुढे होतो. त्यामागची दया खरी असते, पण नुसत्या दयेने जनावर वाचत नाही. उलट काही वेळा धडधाकट जनावर आपल्या मदतीनेच दगावते. म्हणून नेहमी कानावर पडणारे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : पिल्लू एकटे दिसले, म्हणजे ते आईवेगळे झाले.

वस्तुस्थिती : चितळाची मादी पाडसाला गवतात किंवा झुडपाआड लपवून स्वतः लांब चरायला जाते. पाडस अंग मुडपून, मान जमिनीला टेकवून निपचित पडून राहते. त्याच्या अंगाला वास फारसा येत नाही आणि पाठीवरचे पांढरे ठिपके उन्हासावलीत मिसळून जातात. हाच त्याचा बचाव. आई जवळ थांबली, तर तिच्या वासावर रानकुत्रे आणि बिबट पाडसापर्यंत येतील. म्हणून ती दूध पाजण्यापुरतीच येते आणि पुन्हा निघून जाते. मोहफुले वेचताना किंवा मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना माणूस अशा पाडसावर जवळजवळ पाय देतो, तरी ते हलत नाही. पाहणाऱ्याला वाटते, आजारी आहे. मग ते पोत्यात गुंडाळून गावात येते आणि इथे ते खरोखर पोरके होते.

धान कापणीच्या वेळी बांधीच्या धुऱ्यावर सापडणाऱ्या रानमांजराच्या पिल्लांचेही असेच होते. ‘बिबट्याचे बछडे सापडले’ म्हणून गाव गोळा होते, फोटो निघतात आणि गलक्याने आई जवळ येत नाही. सापडलेले पिल्लू खरोखर बिबट्याचे निघाले, तरी उपाय तोच. पुणे जिल्ह्यात जुन्नर भागातील उसात सापडलेले बछडे तपासून, टोपलीत किंवा खोक्यात घालून, संध्याकाळी त्याच जागी ठेवण्याची पद्धत वनविभाग आणि प्राणिवैद्यकांनी अनेकदा यशस्वी केली आहे. रात्री आई येते आणि पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. जखम नसेल, अंगाला मुंग्या लागलेल्या नसतील आणि शेजारी आई मरून पडलेली नसेल, तर पिल्लाला हात न लावता लांब व्हावे, गावची कुत्री आवरावी आणि वनरक्षकाला कळवावे.

गैरसमज : माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकून देते.

वस्तुस्थिती : घरट्यातून पडलेले पाखरू उचलून पुन्हा घरट्यात ठेवायला लोक याच भीतीने कचरतात. पक्षी केवळ माणसाच्या स्पर्शामुळे पिल्लू टाकत नाहीत. पंख न फुटलेले पिल्लू घरट्यात परत ठेवावे. घरटेच मोडले असेल, तर छोटी टोपली त्याच फांदीला बांधून त्यात ठेवावे. पंख फुटलेले, जमिनीवर उड्या मारणारे पाखरू मात्र बहुधा पडलेले नसते. ते उडायला शिकत असते आणि आईबाप वरच्या फांदीवरून त्याला चारत असतात. त्याला फक्त मांजरापासून जपावे.

गैरसमज : काही असो, आधी दूध-पाणी तरी पाजावे.

वस्तुस्थिती : जखमी पाहुण्याला पाणी विचारणे हा आपला संस्कार आहे, पण जनावरांच्या बाबतीत तो घात करतो. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चोचीत ओतलेले पाणी थेट फुप्फुसात उतरू शकते आणि पक्षी मरू शकतो. दूध तर पक्ष्यांना आणि सापांना पचतच नाही. नागपंचमीला दूध पिणारा नाग आधी अनेक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. हरणाच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश आणि प्रथिने पुष्कळ जास्त असतात. गाईच्या दुधावर ठेवलेल्या पाडसाला हगवण लागते आणि अंगातले पाणी जाऊन ते खंगते. जखमी जनावराला पहिली गरज असते ती अंधाराची, उबेची आणि शांततेची. भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणि त्यावर कापड, एवढे पुरे. बाकीचे प्राणिवैद्यकावर सोडावे.

गैरसमज : पकडून दूर जंगलात सोडले, की जनावर सुखी आणि गावही सुखी.

वस्तुस्थिती : या समजाची मोठी परीक्षा महाराष्ट्रातच झाली. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. पूर्वी वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरचे हल्ले या काळात सतरावर गेले होते. ज्या भागांत बिबटे सोडले, तिथेही हल्ले होऊ लागले. कारण समजण्यासारखे आहे. अनोळखी मुलखात बिबट्याला ना पाणवठा ठाऊक, ना लपण, आणि तिथे आधीचे बिबटे असतातच. त्यात पकडताना तो बिथरलेला असतो, काही वेळा जखमीही असतो.

सापांचेही तेच. प्रत्येक सापाचा फिरण्याचा एक टापू असतो. घरात निघालेली धामण पन्नास किलोमीटरवर नेऊन सोडली, तर ती बिळे आणि भक्ष्य शोधत सैरावैरा फिरते आणि बहुतेक वेळा मरते. ती जवळच्याच झुडपी जागेत सोडावी. धामण उंदरांवर जगते आणि धानाच्या कोठीला तिच्याइतका स्वस्त राखणदार मिळणार नाही.

कासवांचा घोटाळा तर तलावांच्या या जिल्ह्यात हमखास होतो. कासव म्हटले की पाणी, असे समजून पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव पुण्य म्हणून तळ्यात सोडले जाते. ते कोरड्या माळरानाचे कासव आहे. त्याला पोहता येत नाही, ते बुडते. उलट शहरातल्या काचपेटीतले, कानाशी लाल पट्टा असलेले परदेशी कासव बोडीत सोडले, तर ते तिथे फोफावते आणि देशी कासवांच्या तोंडचा घास काढून घेते.

गैरसमज : जनावराला आपला लळा लागला, म्हणजे ते वाचले.

वस्तुस्थिती : इथे हमखास हेमलकशाचा दाखला दिला जातो : ‘आमटे यांनी पाळले, मग आम्ही का नाही?’ तो दाखला नीट पाहावा. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी गडचिरोलीच्या भामरागड भागात, हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया गोंडांसाठी तिथे दवाखाना चालवू लागले. एकदा शिकारी मारलेले माकड घेऊन चालले होते आणि मेलेल्या आईला जिवंत पिल्लू बिलगलेले होते. डॉक्टरांनी ते मागून घेतले. पुढे बिबटे, अस्वले, तरस, साप असा मोठा गोतावळा जमला. म्हणजे तिथे आलेल्या पिल्लांच्या आया भुकेपोटी झालेल्या शिकारीत आधीच मेल्या होत्या. ही पिल्ले कोणी हौसेने उचलून आणलेली नव्हती. माणसाच्या हातावर वाढलेले हे प्राणी जंगलात परत जाऊ शकत नाहीत, म्हणून त्यांचा आयुष्यभराचा भार कोणीतरी उचलावा लागतो. आमटे कुटुंबाने तो पन्नास वर्षे उचलला आहे. सात दिवसांच्या शिबिराला आलेल्याला ते जमणारे नाही.

लळा लागलेला प्राणी माणसाला घाबरत नाही आणि रानात जगायला ती भीती लागते. उत्तर प्रदेशात अमेठीच्या एका शेतकऱ्याने जखमी सारस बरा केला. तो त्याच्या दुचाकीमागे उडू लागला, चित्रफिती देशभर गेल्या आणि मार्च २०२३ मध्ये वनविभागाने सारस ताब्यात घेतला. शेवटी तो कानपूरच्या प्राणीसंग्रहालयात गेला. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मोजकेच, आणि तेही मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात. इथला एकेक सारस माणसाळून पिंजऱ्यात जाणे आपल्याला परवडणारे नाही.

गैरसमज : हेतू चांगला असेल, तर कायदा आड येत नाही.

वस्तुस्थिती : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३९ नुसार ताब्यात आलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता असतो. असा प्राणी कोणाच्याही हाती आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावे लागते. बरा होईपर्यंत घरी ठेवू, असे म्हणून महिने काढता येत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या उल्लंघनालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वाघ-बिबट्यांसारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी शिक्षा याहून कडक आहे. पिंजऱ्यातला देशी पोपट, हौदातले कासव आणि सर्पमित्राच्या बरणीतला नागही याच कायद्यात येतात. उपचाराची सोय नाही, अशीही सबब नाही. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूरला सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे उपचार केंद्र आहे आणि गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे.

गैरसमज : विहिरीत पडलेले जनावर काढायला जितके हात, तितके बरे.

वस्तुस्थिती : कठडा नसलेल्या विहिरी आणि कालव्यांच्या उभ्या सिमेंटी भिंती हे इथल्या वन्यजीवांचे सापळे आहेत. बिबट पडला, तर जाणकार पथक दोरांनी खाट सोडते. दमलेला प्राणी तिच्यावर चढून बसतो आणि बुडायचा वाचतो. मग पिंजरा किंवा शिडी सोडतात. शिडी लावून माणसे पुरती हटवली, तर तो अंधारात आपण होऊन निघून जातो. यात सर्वांत कठीण काम विहिरीभोवतीची गर्दी हटवण्याचे असते. हरिण आणि रोही यांना तर गर्दी हाच रोग आहे. पाठलाग आणि धरपकडीच्या धास्तीने त्यांचे स्नायू आतून नासू लागतात, रक्तातील आम्लता वाढते आणि बाहेरून सहीसलामत दिसणारे जनावर काही तासांत किंवा काही दिवसांनी मरते. त्याच्या डोळ्यांवर कापड, भोवती शांतता आणि लवकरात लवकर सुटका, एवढेच त्याला हवे असते. तेव्हा स्वयंसेवकांनी दोर ओढायला न धावता लोकांना शंभर मीटर मागे सारावे.

गैरसमज : रेबीज फक्त पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होतो.

वस्तुस्थिती : मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, एवढेच काय, गाय-म्हैसही रेबीजग्रस्त असू शकते. गाय लाळ गाळते, घास गिळत नाही, तेव्हा घशात काही अडकले असेल म्हणून मदत करणारा तिच्या तोंडात हात घालतो. हातावर खरचटलेले असेल, तर ही लाळ चाव्याइतकीच घातक ठरते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची काही लावू नये. नेहमी प्राणी हाताळणाऱ्यांनी प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी.

गैरसमज : पुरात आधी माणसे, जनावरांचे नंतर पाहू.

वस्तुस्थिती : ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले आणि वैनगंगेने भंडारा शहरासह काठची गावे वेढली. अशा वेळी गोठ्यात बैलजोडी बांधलेली असताना शेतकरी नावेत बसायला तयार होत नाही. जनावरांचे पाहणे हा माणसे वाचवण्याचाच भाग आहे. गुरांना पोहता येते, दावे त्यांना बुडवते. पाणी चढताना दावी सोडणे किंवा कापणे हे पहिले काम. पाणी ओसरल्यावर पथके तांदूळ आणि ब्लँकेट आणतात, चारा क्वचितच कोणी आणतो. भिजून बुरशी आलेली तणस गुरांना घालू नये आणि घटसर्प-फऱ्याची लस टोचून घ्यावी. जनावर दगावले, तर पंचनाम्याआधी पुरू नये. आपत्ती निकषांनुसार दुधाळ गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये, बैलामागे ३२,००० आणि शेळीमागे ४,००० रुपये मिळतात, पण पंचनामा नसेल तर एक रुपयाही नाही. शेतकऱ्याचा तेवढा कागद करून देणे हीसुद्धा प्राणिसेवेइतकीच मोठी मदत आहे.

सेवेच्या कामावर निघताना मोबाइलमध्ये दोन क्रमांक जपून ठेवा. वन्यप्राण्यासाठी वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आणि पाळीव जनावरासाठी पशुवैद्यकीय सेवा १९६२. प्राणी दिसला की आधी दोन पावले मागे व्हा, त्याला खरोखर मदत हवी आहे का ते लांबून पाहा आणि हवी असेल, तर हात लावण्याआधी फोन लावा.